चेतकचं डायकास्ट कधी येणार? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात मिग-२१ आणि हंटर या लढाऊ विमानांच्या डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेल्या, मॉडेलबद्दल लिहिलं होतं आणि खाली सहज एक ओळ टाकलेली की हेलिकॉप्टरबद्दल कुणाला काय विचारायचं असेल तर कळवा. वाटलं दोन-चार पत्रं येतील, पण सातारा-सांगलीकडूनच एवढी आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. फौजेचा मुलूख आहे, प्रत्येक गावात कुणी ना कुणी युनिफॉर्ममध्ये असतंच, त्यामुळं असेल कदाचित. निम्म्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न आहे, तोच आधी घेतो. उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझ्याकडं १:७२ स्केलमधली (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) हवाई दलाची विमानं आहेत, सगळी धातूची. हेलिकॉप्टरचा कप्पा मात्र रिकामा. चेतक पाहिजे, डायकास्टमध्ये आणि आपल्या रंगात. कुणी काढणार आहे का, का नुसतीच वाट बघत बसायचं? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : वाट बघायला हरकत नाही, पण कंपनी कुठल्या हिशोबानं चालते ते आधी बघू.

चेतक म्हणजे फ्रान्सचं अॅलुएट-३. ते पहिल्यांदा उडालं २८ फेब्रुवारी १९५९ ला. आपण १९६२ मध्ये घेतलं, मग एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं) बेंगळुरूत लायसन्सवर बनवायला घेतलं आणि १९६५ पासून इथं बनलेली मशीन मिळायला लागली. एप्रिल २०२२ मध्ये हैदराबादजवळ हकीमपेटला चेतकच्या साठ वर्षांचा कार्यक्रमही झाला. साठ वर्षं टिकलेलं मशीन, तीनही दलांनी आणि कोस्ट गार्डनं वापरलेलं, मग त्याचं मॉडेल का नाही असं आपल्याला वाटणारच. पण मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला इतिहासाशी काय देणंघेणं नसतं हो, तिचा हिशोब डायचा, म्हणजे ओतायच्या साच्याचा असतो. स्टीलची डाय बनवायची तर खर्च लाखांच्या घरात जातो, आणि तो वसूल होतो एकाच डायमधून किती वेगवेगळ्या रंगांत माल काढता येतो त्याच्यावर. मिग-२१ ची मॉडेलं एवढी का निघतात? कारण ते विमान अर्ध्या जगानं उडवलंय, साचा एक आणि रंग पन्नास.

आता याच चष्म्यातून चेतककडं बघा. नुसतं 'भारतीय चेतक काढा' म्हणून मागणी केली तर कंपनीला गिऱ्हाईक दिसतं आपण एवढेच, आणि आपल्यातले निम्मे किंमत ऐकून गप्प बसणारे. पण 'अॅलुएट-३ काढा' म्हणालात की चित्रच बदलतं. फ्रान्समध्येच ही चौदाशेच्या वर बनली, शिवाय भारतात तीनशेच्या वर, रुमानियात आणि स्वित्झर्लंडमध्येही बनली. आयर्लंडनं १९६३ पासून २००७ पर्यंत वापरली, पोर्तुगालनं तर २०२० पर्यंत. नेदरलँड्सच्या हवाई दलाची ग्रासहॉपर्स नावाची कसरतीची टीम होती ती याच हेलिकॉप्टरवर. दक्षिण आफ्रिका आहे, पाकिस्तान आहे. आणि आपल्याला जवळचा असा एक रंग आहे ज्याचा विचार फार कुणी करत नाही, १९७१ च्या किलो फ्लाइटचं अॅलुएट. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात सप्टेंबर १९७१ मध्ये नागालँडच्या दिमापूरला बांगलादेशी वैमानिकांची ही छोटी हवाई तुकडी उभी राहिली, ऑटर आणि डकोटा ही दोन विमानं आणि एक अॅलुएट, तिन्ही आपण दिलेली. त्या अॅलुएटवर रॉकेटं बसवली आणि ३ डिसेंबरच्या रात्री नारायणगंजचे तेलाचे साठे पेटवले. असं मॉडेल आलं तर इथं, ढाक्यात आणि कोलकात्यात तिन्हीकडं खपेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कंपन्यांना लिहिताना अॅलुएट-३ मागा, आणि त्यातल्या एका रंगात चेतक मागा. स्वतंत्र भारतीय मॉडेलची आस धरून बसलो तर नातवंडांच्या काळात पण कप्पा रिकामाच राहील. (आणि इंटरनेटवर शोधताना नुसतं चेतक टाकू नका, स्कूटरची मॉडेलं समोर येतात, ती पण छान असतात पण आपला विषय तो नाही.)

आता डायकास्टवाले याच्यापासून लांब का राहतात त्याचं दुसरं कारण, आणि हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. चेतकचं तोंड बघा, पुढून सगळी काच. पायलटच्या पायाखालपर्यंत काच. मॉडेलमध्ये ती पारदर्शक प्लास्टिकचीच करावी लागते. पंखा प्लास्टिकचा, कारण पाती धातूत ओतली तर एकतर जाड होतात नाहीतर वाकतात. म्हणजे धातूला जागा उरली कुठं? फरशी, छत, मागचा डबा आणि लांब शेपूट. म्हणजे सगळं वजन मागं आणि पुढं फुगा! चाकं तीन, एक नाकाखाली आणि दोन मागं, त्यामुळं मॉडेल टेबलावर ठेवलं की बूड टेकून नाक वर. प्लास्टिक किटमध्ये आपण नाकात छर्रे नाहीतर शिसं भरतो, इथं नाक काचेचं, लपवणार कुठं. मग एकच उपाय, सीटच्या आणि फरशीच्या खाली जड धातू आणि शेपूट प्लास्टिकची. तसं केलं की गिऱ्हाईक ओरडतं की पैसे डायकास्टचे घेतले आणि निम्मं प्लास्टिक दिलं. माझं मत विचाराल तर शेपूट प्लास्टिकची असली तरी चालेल, आकार बरोबर पाहिजे. हातात जड लागतं म्हणून चांगलं, हा हिशोब भांड्यांना ठीक आहे.

उद्या खरंच आलं तर पैसे द्यायच्या आधी काय बघायचं ते सांगून ठेवतो. मुख्य पाती तीन. वरून बघितल्यावर पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणारा पाहिजे, फ्रेंच आणि रशियन हेलिकॉप्टरं तशी असतात आणि अमेरिकन उलटी, त्यामुळं पात्याची जाड गोल धार त्या दिशेला आहे का बघा, स्वस्त मॉडेलवाले इथं हमखास उलटं बसवतात. खाली चाकं पाहिजेत, स्किड (चाकांऐवजी आडव्या दांड्या) असतील तर ते चेतक नव्हे. इंजिन छतावर उघडं दिसलं पाहिजे, झाकण घालून गुळगुळीत केलेलं नको. आणि गोल चिन्हात केशरी बाहेर, पांढरा मधे, हिरवा आत. हे उलट छापलेलं बघितलंय म्हणून सांगतोय.

प्रश्न : मी आर्मीतून रिटायर्ड, सियाचीनला ड्यूटी केलेली आहे. आमचं रेशन, रॉकेल, टपाल सगळं चीता हेलिकॉप्टरनं यायचं, आजारी माणूस पण त्यातूनच खाली जायचा. घरात एक चीता ठेवायची इच्छा आहे. धातूचं मिळेल का? (अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा)

उत्तर : साहेब, तुमच्या गावाला आधी रामराम, नावातच मिलिटरी असलेलं गाव. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र गोड नाहीये. चेतकची आशा धरायला जागा आहे, चीताची फार कमी, आणि त्याला कारण शेपूट.

चीता म्हणजे फ्रान्सचं लामा. अॅलुएट-२ चं हलकं अंग आणि त्याला अॅलुएट-३ चं इंजिन, पंखा, गिअर. मुळात आपल्याच फौजेला उंचावर चालणारं हेलिकॉप्टर पाहिजे होतं म्हणून फ्रेंचांनी ही जोडणी केली आणि १७ मार्च १९६९ ला ते उडालं. किती ताकदीचं निघालं, तर २१ जून १९७२ ला ज्याँ बुले नावाच्या टेस्ट पायलटनं लामा १२,४४२ मीटरवर नेलं, म्हणजे चाळीस हजार फुटांच्या वर. तिथं इंजिन बंद पडलं आणि गडी नुसत्या फिरत्या पंख्यावर तरंगत खाली आला! १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतपासून सियाचीनला यानं काय केलं ते तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

पण हे सगळं जमलं वजन कमी ठेवल्यामुळं, आणि वजन कमी ठेवायला शेपटीवरचा पत्राच काढून टाकलेला. नुसत्या पाइपांचा सांगाडा, आरपार दिसणारा. आता समजा खरा पाइप चार सेंटीमीटर जाड धरला तर १:७२ ला तो अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर येतो. असा सांगाडा धातूत ओतायचा म्हणजे वितळलेला धातू त्या केसासारख्या नळ्यांतून टोकापर्यंत जाईपर्यंत गोठतो, आणि गेला तरी डायमधून काढताना मोडतो. कंपनी मग जाड करते, आणि जाड केलं की ते मोबाइल टॉवरसारखं दिसतं. त्यामुळं कुणी चीता डायकास्ट म्हणून विकत असेल तर आधी शेपटीचा फोटो मागवा.

तुम्हाला दुसरा रस्ता सुचवू का? १:३२ नाहीतर १:४८ सारखं जरा मोठं स्केल घ्या, अॅलुएट-२ किंवा लामाचं प्लास्टिक किट मिळालं तर त्याचं पुढचं अंग वापरा आणि शेपटीचा सांगाडा पितळी तारेतून डाग देऊन (सोल्डर करून) करून घ्या. हे काम मॉडेलवाल्यापेक्षा सोनाराला चांगलं येतं. साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास बारीक डागाचं काम करणारे कारागीर आहेत, त्यांना ड्रॉइंग प्रत्यक्ष मापात छापून द्या, तार त्याच कागदावर ठेवून जोडतात. पितळ आहे म्हणजे धातूचं पाहिजे ही तुमची हौस पण पुरी झाली, आणि बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही चीतापेक्षा ते शंभरपट खरं दिसेल. किट जोडायचा कंटाळा असेल तर नातवाला बसवा. रंग ऑलिव्ह हिरवा, चकाकी नको, मॅट वार्निश मारा.

प्रश्न : आमच्या ह्यांना जुन्या मेटलच्या गाड्या-विमानांचा नाद आहे. त्यातलं एक जुनं हेलिकॉप्टर आपोआप तडकायला लागलंय, रंग फुगलाय, हात लावला की तुकडा पडतो. २०१९ च्या पुरात खालचं कपाट भिजलं होतं, त्याचा परिणाम का? आणि बाकीच्यांना लागण होईल का? हे तर घाबरून सगळी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायला निघालेत. (मिरज)

उत्तर : ताई, आधी त्यांना सांगा की खोल्या रिकाम्या करू नका, हा रोग लागट नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. कलेक्टर लोकांत हा गैरसमज लई जुना आहे.

झालंय काय ते सांगतो. ही मॉडेलं लोखंडाची नसतात, जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्याला झामॅक म्हणतात. जस्त, त्यात चारेक टक्के अॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. १९२९ मध्ये अमेरिकेत एका जस्ताच्या कंपनीनं हे मिश्रण बसवलं. यात शर्त एकच, जस्त एकदम शुद्ध पाहिजे. शिसं, कथील, कॅडमियम यांतलं काही जरासं जरी मिसळलं तरी धातूच्या कणाकणांच्या मधल्या रेघांतून गंज आत सरकतो, धातू आतून फुगतो आणि भेगा पडतात. कारखान्यात भंगारातलं शिसं वितळणाऱ्या भांड्यात पडलं की संपलं, ते मॉडेल जन्मतःच रोगी, फक्त बाहेर यायला कधी पाच वर्षं लागतात कधी पन्नास. इंग्लंडमधल्या १९३० च्या दशकातल्या डिंकी खेळण्यांचं असंच झालंय, पेटीतून कधी बाहेर न काढलेली सुद्धा आज भुकटी झालेली सापडतात.

म्हणजे पुरानं रोग दिला नाही, पण ओलाव्यानं वेग वाढवला एवढं खरं. उपाय? नाही. खोटं कशाला सांगू. डिंक भरा, वार्निश मारा, आत फुगणं थांबत नाही. त्या हेलिकॉप्टरचे फोटो काढून ठेवा, पंखा, काच, चाकं सुटी करून ठेवा, दुसऱ्याला कामाला येतील, आणि आकार अजून शाबूत असेल तर सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनमध्ये नक्कल ओतून घ्या.

बाकीची तपासताना मात्र प्रत्येक पांढऱ्या डागाला घाबरू नका. उघड्या धातूवर नुसती पांढरी पावडर आली असेल आणि खाली धातू सरळ असेल तर तो वरवरचा गंज आहे, मऊ ब्रशनं झाडा, कोरडं ठेवा, झालं. तांबडा गंज दिसला तर तो जस्ताचा असूच शकत नाही, तो आतल्या लोखंडी स्क्रूचा नाहीतर चाकाच्या दांड्याचा, स्क्रू बदला. बारीक भेगांचं जाळं, वाकलेला पंख, न बसणारं झाकण, रंगाखाली उठलेली रेघ, ही खरी लक्षणं. घरगुती उपाय म्हणून व्हिनेगर-लिंबू तर अजिबात लावू नका, जस्ताला आंबट चालत नाही.

ठेवायचं कसं, तर खालच्या मजल्यावर जमिनीलगत नाही, मिरजेत एवढं शिकायला आता वेगळं काय सांगायचं. नवीन एमडीएफच्या बंद कपाटात पण नको, त्या लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. मूळ पेटीतला फोम पिवळा चिकट झाला असेल तर काढून टाका. रबरी चाकं प्लास्टिकच्या स्टँडवर वर्षानुवर्षं टेकली तर चाक स्टँडला खातं, मधे काचेचा तुकडा ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला, एकदा टाकल्या म्हणजे जन्माचं काम झालं असं नसतं.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आपल्या भागात एवढ्या फाउंड्र्या, किर्लोस्करवाडीत तर १९१० पासून ओतकाम चालतंय, मग एक वीतभर हेलिकॉप्टर इथं ओतता येत नाही? सगळं चीनमधूनच कशाला? (कुपवाड, सांगली)

उत्तर : येईल की, पण ज्या पद्धतीनं पंपाची बॉडी ओततो त्या पद्धतीनं नाही. वाळूच्या साच्यात तीन-चार मिलिमीटरच्या खाली जाडी न्यायची म्हणजे कसरत, आणि पृष्ठभाग खरखरीत. डायकास्टमध्ये झामॅक साधारण ३८५ अंशाला वितळतं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या बरंच खाली, आणि प्लंजरनं दाबून स्टीलच्या डायमध्ये मारतात, एक मिलिमीटरच्या आत जाडी मिळते आणि दरवाजाच्या रेघा सुद्धा उठतात. मशीन आपल्याकडं पण आहेत, कुलपाचे, नळाचे, गाड्यांचे पार्ट यातच निघतात. अडतं ते डायवर. हेलिकॉप्टरच्या पोटाची, छताची, शेपटीची अशी प्रत्येक तुकड्याची डायमध्ये वेगळी कॅव्हिटी (पोकळी), ती डाय हजारो नग काढले तर परवडते, आणि आपल्या पत्रांवरून गिऱ्हाईक मोजलं तर तेवढी भूक मला तरी दिसत नाही. शिवाय नाव आणि डिझाईन वापरायला मूळ कंपनीची परवानगी लागते, अॅलुएटची मूळ कंपनी फिरत फिरत आज एअरबस हेलिकॉप्टर्स झालीये.

तुम्हाला हौस असेल तर तीस-चाळीस नगांचा बेत करा. थ्री-डी प्रिंटवर मास्टर (मूळ नमुना), त्याच्यावर सिलिकॉनचा साचा, आणि त्यात कथिलाचा मऊ मिश्रधातू ओता, ज्याला व्हाइट मेटल म्हणतात. तो एवढ्या कमी तापमानाला वितळतो की उष्णतेला टिकणारं सिलिकॉन ते सहन करतं. साचा फिरवत ओतलं तर कानाकोपरा भरतो. शिसं असलेला मिश्रधातू स्वस्त पडतो पण घेऊ नका, घरात पोरं असतात. काच व्हॅक्यूम फॉर्मिंगनं (तापवलेला प्लास्टिकचा पत्रा हवा ओढून नमुन्यावर बसवायचा), पंखा पत्र्यातून एचिंग करून (नको तो भाग रसायनानं खाऊन टाकायचा). डायकास्ट म्हणता येणार नाही त्याला, पण धातूचं चेतक म्हणता येईल, आणि कुपवाडचं म्हणता येईल! पहिला नग निघाला की फोटो पाठवा, आम्ही छापू.

प्रश्न : सर मी आठवीत आहे. सैनिक स्कूलला माझा दादा आहे. त्यानं मला एमआय-१७ म्हणून मॉडेल दिलं पण त्याचा मित्र म्हणतो ते एमआय-८ आहे. कसं ओळखायचं? (सातारा)

उत्तर : शेपटीवरचा छोटा पंखा बघ. मॉडेलच्या मागं बसायचं, तोंड त्याच्या नाकाच्या दिशेला. छोटा पंखा उजवीकडं असेल तर एमआय-८, डावीकडं असेल तर एमआय-१७. वरची पाती दोघांना पाचच असतात त्यामुळं ती मोजून उपयोग नाही. दादाचा मित्र बरोबर निघाला तरी दादावर चिडू नको, एमआय-८ पण भारीच आहे, आपल्याकडं १९७१ च्या सुमाराला आलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूच्या येलहंकाला त्याला निरोप दिला. आणि चार पात्यांचं, पायलट वरच्या मजल्यावर बसल्यासारखं दिसणारं मॉडेल कुठं दिसलं तर ते एमआय-४, त्याचं इंजिन नाकात असतं आणि पायलट त्याच्या डोक्यावर. डिसेंबर १९७१ मध्ये मेघना नदीवरचा पूल उडवलेला होता तेव्हा आपले जवान याच हेलिकॉप्टरनी रातोरात पलीकडं उतरवले. त्याचं १:७२ चं प्लास्टिक किट हॉबी बॉस कंपनीचं आहे, सुट्टीत जोडायला चांगलं, पण चाकू वापरताना घरात कुणी मोठं असू दे. तुझं सातारचं सैनिक स्कूल देशातलं पहिलं, १९६१ चं, तिथं गेलास की मला पत्र लिही.

प्रश्न : शोकेसचा कप्पा एक फूट रुंद आहे. कुठल्या स्केलचं काय बसेल? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : पंख्याचा व्यास धरून चला, बॉडीची लांबी नाही, इथंच लोक फसतात. चेतकचा पंखा खरा ११ मीटरचा, १:७२ ला साधारण १५ सेंटीमीटर, आरामात बसेल. एमआय-८ चा २१ मीटरच्या वर, १:७२ ला जवळजवळ ३० सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या कप्प्यात पाती काचेला घासणार, त्याला १:१०० घ्या, २१ सेंटीमीटरमध्ये भागतं. नेव्हीचं सी किंग पाहिजे असेल तर त्याची खरी पातीच दुमडतात, जहाजावर जागा नसते म्हणून. कॉर्गी या मॉडेल कंपनीनं १:७२ मध्ये ब्रिटिश रंगातलं सी किंग काढलेलं आहे, पण घ्यायच्या आधी त्या मॉडेलची पाती दुमडून ठेवता येतात का ते विचारा.

प्रश्न : परदेशातून मागवलं तर कस्टमला किती बसतं? (वाई)

उत्तर : जोरात बसतं. खेळण्यांवरची बेसिक ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७० टक्के, आणि स्केल मॉडेल त्याच मथळ्याखाली येतं, कितीही सांगा की हे खेळणं नाही. वर जीएसटी आणि कुरिअरवाल्याची फी वेगळी. हे दुकानदाराच्या आयातीचे दर झाले, स्वतःसाठी पार्सल मागवताना हिशोब वेगळा लागू शकतो म्हणून आधी कुरिअरकडून लेखी अंदाज घ्या. बिलावर किंमत कमी लिहायला सांगू नका, पार्सल अडकलं की पंधरवड्याचं झंझट, आणि तुटलं तर भरपाई पण त्याच कमी किमतीची. येणारं-जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्या हँडबॅगेत आणलेलं बरं, पाती काढून.

प्रश्न : ऑनलाइन 'इंडियन एअर फोर्स मेटल हेलिकॉप्टर' म्हणून मागवलं. आलं ते मागं ओढून सोडायचं खेळणं, चार पात्यांचं, लाल दिवा लागतो आणि आवाज येतो. हे नक्की कुठलं हेलिकॉप्टर? (तासगाव)

उत्तर : कुठलंच नाही. चार हेलिकॉप्टरांचे तुकडे मिळून झालंय ते. परत पाठवायची मुदत असेल तर पाठवा, गेली असेल तर घरातल्या लहान पोराला द्या. पुढच्या वेळी तीन गोष्टी लिहिलेल्या असतील तरच ऑर्डर टाका : स्केलचा आकडा, हेलिकॉप्टरचं पूर्ण नाव, आणि कुठल्या स्क्वाड्रनचं किंवा कुठल्या नंबरचं आहे ते. आपल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरचा नंबर झेड अक्षरावर असतो, जुन्या मशीनवर बीझेड. आणि खरं मशीन कसं दिसतं ते एकदा जवळून बघून या, तासगावहून गोवा काय लांब नाही, वास्कोला बोगमाळो रोडवर नेव्हीचं विमान संग्रहालय आहे, तिथं चेतक उभं आहे आणि शेजारी रशियन कामोव्ह-२५ पण. मोजपट्टी आणि कॅमेरा न्या, छताकडचे आणि चाकांचे फोटो जास्त काढा, तेच कुठं सापडत नाहीत.